लिव्हरपूल १९८१ : दंगल, बस आणि 'नियोजित ऱ्हास'

जुलै १९८१मध्ये लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागात दंगल पेटली. निमित्त पोलिसांशी झालेल्या झटापटीचे. मुळाशी मात्र गोदीचे आटलेले काम, बंद कारखाने आणि कृष्णवर्णीय तरुणांवरचा पोलिसी जाच.

पुढे काय करावे, यावरून थॅचर यांच्या मंत्रिमंडळातच मतभेद झाले. पर्यावरणमंत्री मायकेल हेसल्टाइन काही आठवडे शहरात राहिले. वित्तसंस्थांच्या प्रमुखांना बसमध्ये बसवून त्यांनी उजाड वस्त्या दाखवल्या आणि सरकारने पैसा ओतावा असा आग्रह धरला. अर्थमंत्री जेफ्री हाउ यांचे मत निराळे : 'नियोजित ऱ्हास' हा पर्याय अगदीच विसरू नये, हा शब्द मात्र खासगीतही उच्चारू नये! (ही कागदपत्रे खुली झाली २०११च्या अखेरीस.) गंमत अशी, की डबघाईला आलेल्या भागांतील व्यवसायांना दहा वर्षे स्थानिक करमाफी देणारी 'उद्योगक्षेत्रे' याच हाउ यांनी आणली होती, त्यांतले एक लिव्हरपूलच्या स्पीकमध्ये होते.

हेसल्टाइन यांना मागितले त्याहून बरेच कमी मिळाले. तरी १९८४मध्ये पडीक नदीकाठावर उद्यानमहोत्सव भरला, तीस लाखांहून अधिक लोक आले. १९७२ साली बंद पडलेली अल्बर्ट गोदीही पुन्हा उघडू लागली. शेजारच्या टॉक्स्टेथमध्ये बेरोजगारी तशीच राहिली. १९८५च्या ऑक्टोबरात तिथे पुन्हा दंगल उसळली.