‘क्षुद्र’ रोगाचा लांबलचक इतिहास

मराठीत ‘मुरूम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रस्त्यावर पसरतात तो, आणि दुसरा वयात येताना चेहऱ्यावर उगवतो तो. पहिल्यावर रोलर फिरवला की काम संपतं. दुसऱ्यासाठी घरचे, शेजारचे, दुकानदार आणि जाहिरातवाले सगळेच आपापला रोलर घेऊन येतात. भाईंदर स्टेशनहून मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत उत्तनकडे येणाऱ्या बसमध्ये, किंवा आमच्या पालीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंपाशी, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ‘काय गो बाय, तोंडावर काय आलं?’ असं विचारायला फारशी ओळखही लागत नाही. पाठोपाठ निदानही तयार असतं. गरम खातेस. तोंड नीट धूत नाहीस. रात्रभर मोबाइल बघतेस. आणि कधी कधी काहीच न बोलता एक सूचक हसू.

या सगळ्या निदानांत एक गोष्ट समान आहे: चूक तुझीच. मुरमांचा इतिहास वाचायला लागलं की कळतं, हा आरोप बराच जुना आहे. औषधं बदलली, कारणं बदलली, पण त्या पोराला किंवा पोरीला ‘तुला कसं वाटतंय?’ हे विचारायला मात्र फार उशीर झाला.

सुश्रुताने काय पाहिलं

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘क्षुद्ररोग’ नावाचा एक अध्याय आहे. किरकोळ समजल्या गेलेल्या अनेक तक्रारी त्यात एकत्र केल्या आहेत आणि त्यांतच मुरूमही आहेत. वर्णन नेमकं आहे: तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या, सावरीच्या झाडाच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या पुळ्या. कोवळ्या सावरीचं खोड पाहिलं असेल तर ही उपमा लगेच पटेल. कारण कफ, वात आणि रक्त यांचं सांगितलं आहे. उपाय म्हणून वमन, आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, सुश्रुताने या पुळ्यांचा संबंध थेट वयाशी जोडला. आपला ‘तारुण्यपीटिका’ हा शब्दही तेच सांगतो. दुसरी गोष्ट नावाची. त्या रोगाचं नाव आहे ‘मुखदूषिका’, म्हणजे चेहरा बिघडवणारी. रोगाची यादी ‘क्षुद्र’ म्हणते आणि नाव मात्र सांगतं की इथे बिघडतोय तो चेहरा, माणूस ज्यावरून ओळखला जातो ती जागा. ही विसंगती पुढे कितीतरी शतकं तशीच राहिली.

पश्चिमेकडेही एक गंमत सापडते. ‘ॲक्ने’ हा शब्द सहाव्या शतकातल्या एटियस ऑफ अमिडा या वैद्याच्या ग्रंथापर्यंत मागे नेतात. ‘आक्मे’ म्हणजे टोक किंवा बहराचा काळ. हा ग्रीक शब्द नकलून काढताना कुणाच्या तरी हातून अक्षर बदललं आणि ‘ॲक्ने’ झालं, असं बरेच अभ्यासक मानतात. मी कोड लिहून पोट भरते, त्यामुळे टायपिंगची एक चूक दीड हजार वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू राहिली याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

ते सूचक हसू आलं कुठून

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या कित्येक डॉक्टरांनी मुरमांचा संबंध हस्तमैथुनाशी जोडला. चेहरा म्हणजे जणू चारित्र्याचा दाखला. लग्न झालं की मुरूम जातात, हा समज त्याच घरातला. तो आपल्याकडेही आहे आणि आजही लग्नघरात ऐकू येतो. वाईट असं की निरीक्षण अगदीच खोटं नव्हतं. पूर्वी लग्नं ज्या वयात व्हायची, त्याच सुमारास अनेकांचे मुरूम आपोआप कमी होतात. श्रेय मात्र मंगळसूत्राला मिळालं.

खरं कारण विसाव्या शतकात हळूहळू उलगडलं. वयात येताना शरीरात अँड्रोजन गटातली हार्मोन्स वाढतात, मुलांच्या आणि मुलींच्याही. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मृत पेशींनी बुजतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. यात मनातल्या विचारांचा आणि चारित्र्याचा काही संबंध नाही.

पण ही माहिती तरुणांपर्यंत पोचवायची कुणी? मुंबईत र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. घरात, शाळेत विचारता येत नाहीत असे शरीराचे प्रश्न वाचक पत्राने विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला तो अशाच उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलच्या वाचकांच्या शंकांना त्यांनी उत्तरं दिली, ती अश्लील ठरवली गेली. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. तरी कर्व्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालवलं.

तो खटला मुरमांवरचा नव्हता. पण ज्या समाजात शरीराविषयी उत्तर देणं हा गुन्हा ठरतो, तिथे चेहऱ्यावरच्या पुळीलाही गुन्ह्याचीच छटा येते. लपवता न येणारी पुळी आणि विचारता न येणारा प्रश्न यांच्यामध्ये ती पोरं अडकली.

औषध की नट्टापट्टा?

केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत विको लॅबोरेटरीज सुरू केली. त्यांचं हळदीचं क्रीम सत्तरच्या दशकात आलं आणि घराघरांत पोचलं. पुढे अबकारी खात्याशी कंपनीचा वाद झाला: हे क्रीम औषध आहे की सौंदर्यप्रसाधन? दोन्हींवरच्या करात मोठा फरक होता. हा वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने निकाल लागला.

हिशेब कराचा होता, पण प्रश्न अगदी घरगुती आहे. मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की आजही ‘एवढ्यासाठी डॉक्टर?’ असं ऐकायला मिळतं. म्हणजे चेहऱ्यावर काही लावणं हा नट्टापट्टा, आजार नव्हे. आणि तीच घरं त्याच मुरमांवर रोज नवा उपाय सुचवत राहतात. मुरूम दुर्लक्ष करण्याइतके किरकोळ आणि रोज बोलून दाखवण्याइतके गंभीर, अशा दोन्ही खात्यांत एकाच वेळी जमा असतात.

दुःखाला आकडा मिळाला

१९४८ मध्ये मॅरियन सल्झबर्गर आणि सेडी झायडेन्स या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की, मुरमांइतका मानसिक त्रास आणि न्यूनगंड देणारा दुसरा आजार क्वचितच असेल. ते अनुभवाचे बोल होते, मोजमाप नव्हतं. मोजमाप आलं वेल्समधल्या कार्डिफमधून. १९९४ मध्ये अँड्र्यू फिनले आणि गुल करीम खान यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे तुम्हाला लाज वाटली का? कपडे निवडताना फरक पडला का? लोकांत मिसळणं, खेळ, अभ्यास, काम, जवळचं नातं? उत्तरांची बेरीज ० ते ३०. त्वचेवर पुळ्या किती, हे त्यात कुणी विचारतच नाही.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं महत्त्वाचं वळण ते हेच. कारण पुळ्यांची संख्या आणि दुःखाचं माप यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. चार पुळ्या असलेली मुलगी कॉलेजला जाणं सोडू शकते आणि गालभर मुरूम असलेला मुलगा निवांत क्रिकेट खेळत असतो. ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, मुरमांचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ६३ टक्क्यांनी जास्त होता. ‘वयाचं आहे, जाईल’ हे मुरमांबद्दल बऱ्याचदा खरं असतं. मधल्या वर्षांचं काय, हे त्यात येत नाही.

आपल्याकडे त्या प्रश्नावलीत एक-दोन प्रश्न वाढवावे लागतील. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर पुळी बसली तरी काळा डाग कित्येक महिने राहतो. आणि लग्नाच्या बायोडाटात ‘वर्ण’ असा रकाना अजून असतो. म्हणून आपल्याकडे मुरमांची भीती ही अर्धीअधिक डागाची भीती असते. तीच भीती पोरांना औषधाच्या दुकानात नेते. तिथे कुणीतरी ‘गोरं करणारं’ क्रीम सुचवतं, त्यात स्टेरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, सोडलं की दुप्पट भडकतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमं चेहऱ्याला लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी बराच पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा कागदावर आहे. काउंटरवर अजून काय मिळतं, हे तुम्हाला ठाऊक असेल.

मग आता?

आज आपल्याकडे सुश्रुताकडे नव्हती अशी औषधं आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन आणि तीव्र मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, जे १९८२ पासून वापरात आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचंच नसतं. गरोदरपणात तर मुळीच नाही. फरक दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. सतराव्या वर्षी तीन महिने हा मोठा काळ असतो, खासकरून खिशातला कॅमेरा दिवसातून वीसदा चेहरा दाखवत असताना.

त्या तीन महिन्यांत घराने करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे: चेहऱ्यावर शेरा न मारणं. मूल आरशापासून, मित्रांपासून, फोटोपासून लांब जाऊ लागलं तर मुरमांबद्दल न बोलता त्याच्याबद्दल विचारावं. फारच निराश वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि बसमध्ये पुढच्या वेळी कुणी ‘तोंडावर काय आलं?’ असं विचारलं, तर ‘वय आलं’ म्हणा. सुश्रुतानेही तेच लिहून ठेवलंय.