सिएरा नेवाडातील हिममापन

सिएरा नेवाडा पर्वतावरील हिम हे कॅलिफोर्निया व नेवाडा या राज्यांचे उन्हाळी जलभांडारच होय. परंतु हिमाच्या खोलीवरून पाण्याचे मान कळत नाही. त्याचे वजनच करावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी लॅटिनचे प्राध्यापक जेम्स चर्च यांनी माउंट रोझ शिखरावर पोकळ नळीने हिमस्तंभ काढून तो तोलण्याची पद्धत सिद्ध केली. टाहो सरोवराच्या पातळीविषयीच्या वादास तीमुळे मोजमापाचा आधार लाभला. १९२९ साली कॅलिफोर्नियाने असे मापन राज्यव्यापी केले. १ एप्रिल २०१५ रोजी हिमसाठा सरासरीच्या अवघा ५ टक्के होता. २०२३ च्या एप्रिलारंभी तो २३७ टक्के भरला. गतवर्षांच्या नोंदींशी तुलना करूनच जलप्रवाहाचा अंदाज बांधला जातो. अशी टोकाची वर्षे वाढल्यास तुलनेचा हा पायाच डळमळू लागतो.