तिसऱ्या बाकावरचा ऱ

आजचा भाग फॉन्टवर आहे, आणि सुरुवात माझ्याच एका फजितीपासून.

कॉलेजात आम्ही वार्षिक अंक काढला होता. नाव ठरलं 'तिसऱ्या बाकावरून'. मुखपृष्ठासाठी एक फुकटचा, देखणा देवनागरी फॉन्ट उतरवून घेतला आणि टाइप केलं. 'तिस'पर्यंत झकास. पुढे 'या'ला चिकटून येणारा तो छोटा वळणदार अर्धा र मात्र गायब! त्याच्या जागी खाली टिंब असलेला, पाय मोडलेला अख्खा र. तीनदा टाइप केलं, तरी तेच. अंक छापायला द्यायची वेळ झाली, म्हणून आम्ही नावच बदललं: 'मागच्या बाकावरून'. म्हणजे बघा, चूक फॉन्टची आणि बदलली भाषा. हे मला आजही खुपतं.

अशी चूक आधीच पकडता येत नाही का? येते. त्यामागे जवळपास पाव शतकाची गोष्ट आहे.

फॉन्ट म्हणजे नुसती अक्षरांची चित्रं नव्हेत. त्या फाइलमध्ये तक्ते असतात. कुठल्या अक्षराला कुठलं चित्र, ओळीची उंची किती, कुठली अक्षरं शेजारी आली की जोडाक्षर कसं करायचं, हे सगळं त्यात असतं. पण ते माणसाला थेट वाचता येत नाही. १९९९ मध्ये युस्ट व्हान रॉसम यांचं टीटीएक्स हे साधन आलं. पायथॉन भाषेचे जनक ग्विडो यांचे हे धाकटे भाऊ. टीटीएक्स फॉन्टची फाइल उलगडून साध्या मजकुरात मांडतं आणि त्या मजकुरातून पुन्हा फॉन्टही बनवतं. फॉन्टच्या पोटात काय आहे ते आता प्रोग्रॅम लिहून तपासणं सोपं झालं.

२००५ मध्ये एसआयएल या संस्थेनं फॉन्टसाठी खुला परवाना आणला. २०१० मध्ये गूगल फॉन्ट्स सुरू झालं. जगभरातून फॉन्ट येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर चुकाही. कुणाच्या फाइलमध्ये परवान्याची ओळच नाही, तर कुणाच्या फॉन्टमधल्या मात्रा विंडोजवर वरून कापल्या जातात. छापखान्यात एक मुद्रितशोधक प्रुफं वाचायचा. इथे शेकडो फाइली माणसानं डोळ्यांत तेल घालून किती वेळा तपासायच्या?

म्हणून २०१३ मध्ये डेव्ह क्रॉसलँड यांनी फॉन्टबेकरी सुरू केली. २०१७ मध्ये लासे फिस्टर यांनी ती नव्यानं लिहून काढली आणि बहुतेक तपासण्या फेलिपे सांचेस यांच्या पुढाकारानं तयार झाल्या. फाइल आत टाकली की एकेका तपासणीचा निकाल येतो: पास, इशारा किंवा नापास. अलीकडे सायमन कोझेन्स यांनी हेच काम जास्त वेगानं करणारं फॉन्टस्पेक्टर रस्ट भाषेत लिहिलंय.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तपासणीबरोबर तिचं कारणही लिहायची पद्धत आहे. ही का हवी, मुळात कुठल्या चर्चेतून आली, हे वाचता येतं. त्या यादीकडे मी चुकांची बखर म्हणून बघतो. कुणाला तरी कुठेतरी ठेच लागली, त्यानं सांगितलं, आणि पुढच्यांसाठी तपासणी तयार झाली.

पण यातच मेख आहे. जी ठेच कुणी सांगितलीच नाही, ती यंत्राला कळणार कशी? 'आचार्यांना नमस्कार करा' आणि 'आचाऱ्यांना पैसे द्या' यांतला फरक आपल्याला चटकन कळतो. ज्यानं फक्त हिंदी शब्द लिहून फॉन्ट तपासला, त्याला हा दुसरा र भेटतच नाही. त्याचा फॉन्ट बाकी सगळ्या तपासण्यांत पास होऊ शकतो.

यावर उपाय आहे. फॉन्टबेकरीला आपण शब्द देऊन सांगू शकतो की हा मांडून बघ, आणि अमुक चिन्ह दिसलं तर नापास कर. 'तिसऱ्या' द्यायचा आणि सुटं पायमोडकं चिन्ह निषिद्ध ठरवायचं. बस्स. मराठी वळणाचा ल आणि श आपल्या डोळ्यांना बरा वाटतो का, हे मात्र अजूनही माणसानंच बघायचं.

गेल्या वर्षी मी तो कॉलेजातला फॉन्ट गिटहबवर शोधला. चूक तशीच होती. मी स्क्रीनशॉट टाकला. बनवणाऱ्याला मराठी येत नव्हतं. त्यानं विचारलं, हे अक्षर फारसं लागतं का? मी यादी पाठवली: दुसऱ्या, कोऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, नवऱ्याला, शेतकऱ्यांना. दोन आठवड्यांनी दुरुस्ती झाली आणि ते शब्द तपासणीतही गेले.

आता त्या फॉन्टची नवी आवृत्ती निघण्याआधी यंत्र 'शेतकऱ्यांना' मांडून बघतं. आमच्या अंकाचं नाव काही परत येणार नाही. पण पुढच्या कुणाला तरी ते बदलावं लागणार नाही.

तुमच्या आवडत्या फॉन्टमध्ये आज हे शब्द टाइप करून बघा. काही मोडलेलं दिसलं तर शब्द बदलू नका, बनवणाऱ्याला कळवा. भेटू पुढच्या भागात!