वरळीचा डोम आणि त्याच्या छपराखालची माणसं

प्रो कबड्डीचे सामने आता गावागावात पाहतात. मॅट, डोळे दिपवणारे दिवे, चारी बाजूंनी माणसंच माणसं. या स्पर्धेचा पहिला सामना जिथे झाला, त्या जागेबद्दल आज बोलू. मुंबईत वरळीला, हाजीअलीच्या दर्ग्यापासून जवळ, एक बंदिस्त स्टेडियम आहे. कागदावर नाव सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम. लोक म्हणतात एनएससीआयचा डोम, नाहीतर नुसतंच डोम. 1957 साली ते उभं राहिलं.

डोम म्हणजे घुमट. आपल्या बुरडाची टोपली उपडी ठेवा आणि वरून हाताने दाबून पाहा. मधला भाग सहज खाली बसत नाही, पण काठ बाहेर पसरायला बघतो. म्हणून तर बुरूड काठ दुहेरी वळून घट्ट बांधतो. घुमटाचंही तसंच असतं. छपराचा भार वाकलेल्या फासळ्यांवरून उतरत काठावर येतो, आणि काठाचं कडं त्याला आवळून धरतं. मग मधे खांब घालावा लागत नाही. खांब नाही म्हणून कुठेही बसा, मधलं सगळं दिसतं. पाच हजारांच्या वर माणसं इथे बसतात. आपल्याकडची तीन-चार मोठी गावं, पोराबाळांसकट, एका छपराखाली.

सुरुवातीच्या काळात हे स्टेडियम गाजलं ते कुस्त्यांनी. आपल्या आखाड्यातल्या मातीतल्या कुस्त्या नव्हेत, दोऱ्यांच्या रिंगणात होणाऱ्या, त्याला फ्रीस्टाईल म्हणत. पंजाबचे दारासिंग आणि परदेशातून आलेला किंगकाँग यांच्या झुंजी पाहायला मुंबईकर तिकिटं काढून जात. किंगकाँगचं वजन दोनशे किलोच्या घरातलं. म्हणजे धानाचे अडीच-तीन कट्टे एकावर एक ठेवले तेवढं! या कुस्त्या किती खऱ्या आणि किती आधी ठरलेल्या, यावर तेव्हाही वाद व्हायचे. पण दारासिंगचं नाव शाळा न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक झालं. आजही कुणी पोरगा फार जोर दाखवायला लागला की म्हातारी म्हणतेच, "मोठा दारासिंग लागून गेला!"

नंतर तिथे गाण्याचे कार्यक्रम झाले, सिनेमावाल्यांचे सोहळे झाले, राजकीय पक्षांचे मेळावेही झाले. पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून राज्यात वाद पेटला आणि सरकारने तो निर्णय मागे घेतला, तेव्हा 5 जुलै 2025 ला उद्धव आणि राज ठाकरे हे दोघे भाऊ बऱ्याच वर्षांनी एका मंचावर आले, तेही याच डोममध्ये. हे सगळं पेपरात येऊन गेलं आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

कबड्डीवर मात्र थांबायचं आहे. हा खेळ आपल्या विदर्भाला नवा नाही. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक झालं, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी तिथे जाऊन कबड्डी खेळून दाखवली होती. आपल्या गावात कबड्डीचे सामने कधी होतात? धान घरी आलं, थंडी पडली, की. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि मधेच कुठे कबड्डीची चुन्याची रेघ. पावसाळ्यात माती चिखल होते, मग खेळायचं कुठे?

छप्पर आलं आणि हे वेळापत्रकच मोडलं. प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला 26 जुलै 2014 ला, भर पावसात. यू मुंबाने जयपूरच्या संघाला 45-31 असं हरवलं. 31 ऑगस्टला अंतिम सामनाही डोममध्येच झाला, त्यात जयपूरने उट्टं काढलं. आपण तेव्हा रोवणीच्या चिखलात कमरेतून वाकलेल्या होतो, आणि तिकडे खेळाडूंच्या अंगाला मातीही लागत नव्हती! माती गेली, मॅट आली, पायात बूट आले. घसरणं, वळणं, पकड, सगळं बदललं. आता गावच्या मातीवर खेळलेली मुलगी निवड चाचणीला जाते, तेव्हा पहिली अडचण मॅटचीच येते.

मुलींचं काय? बायकांचा भारतीय संघ 2010 आणि 2014 च्या आशियाई खेळांत सोनं घेऊन आला. 2012 साली पाटण्याला झालेला विश्वचषकही त्यांनीच जिंकला. त्यांच्या कबड्डीला टीव्हीवर जागा मिळाली 2016 साली, पुरुषांच्या सामन्यांच्या जोडीला. संघ किती? तीन. आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. त्या वर्षी अंतिम सामना एका गुणाने सुटला, इतका चुरशीचा. तरीही पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. पुरुषांचे संघ मात्र त्याच पुढच्या वर्षी आठाचे बारा झाले. खेळ रंगत नाही म्हणून बंद पडली, हे मला काही पटत नाही.

आता 2020 सालाकडे येऊ. कोरोना आला, मुंबईत वरळी कोळीवाड्यात रुग्ण सापडले, दवाखान्यात खाटा पुरेनात. तेव्हा महापालिकेने हाच डोम ताब्यात घेतला. जिथे कुस्त्या आणि कबड्डी झाली, तिथे शेकडो खाटा लागल्या. खांब नसलेली मोठी जागा अशा वेळी कामी येते, कारण खाटांमध्ये अंतर ठेवता येतं आणि एका जागेवरून सगळ्यांवर नजर राहते.

आपल्याकडे त्या दिवसांत काय होतं? मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या आपल्या बाया तिकडेच अडकल्या, कित्येकजणी उन्हातान्हात चालत निघाल्या. गावाच्या शिवेवर आल्यावर त्यांना ठेवलं जिल्हा परिषदेच्या शाळेत. आपला डोम म्हणजे ती शाळा. वर्गात पंखा नाही, संडासाला पाणी नाही, अशा ठिकाणी बायांनी चौदा-चौदा दिवस काढले. आशाताई दाराशी येऊन विचारपूस करत.

शाळा सोडली तर गावात सगळ्यांची म्हणून जागा कोणती? गोंड-माडिया गावांत गोटूल असतो, तिथे गाव बसून ठरवतं. बाकी ठिकाणी समाजमंदिर. त्यात कुठे कुणाचे मंडपाचे बांबू ठेवलेले, कुठे खताची पोती, आणि किल्ली कुणाच्या तरी घरी खुंटीला. बचत गटाची बैठक मग कुणाच्या तरी ओसरीवर. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती तरी समाजमंदिरात व्हायला हवी. त्या निमित्ताने किल्ली मागा, दार उघडायला लावा, सामान कुणाचं आहे ते ठरावात लिहून घ्या.

आणि आत गेलात की टेप लावून माप घ्या. बायकांच्या कबड्डीचं मैदान असतं 12 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे साधारण 39 फूट बाय 26 फूट.