घोडनदी ते फरमाणा: खापरांच्या मागे डेक्कन कॉलेज

डेक्कन कॉलेजची वाटचाल १८२१ पासून मोजतात. माझ्या लेखी तिचा खरा आरंभ १९३९ चा. संस्था पदव्युत्तर संशोधनासाठी नव्याने उभी राहिली आणि डॉ. सांकलिया पुरातत्त्व विभागात आले. राजवाड्यांइतकंच, शिलालेखांइतकंच महत्त्व त्यांनी फुटक्या खापराला दिलं. नेवासे झालं, मग १९६८ पासून घोडनदीकाठचं इनामगाव. ढवळीकर आणि अन्सारी यांच्यासह तिथे वर्षानुवर्षं उत्खनन चाललं. जळके दाणे सापडले आणि इनामगावकर मुख्यतः जव पिकवत, हे कळलं. पण मडक्यात काय शिजत होतं, हे कोणी विचारत नव्हतं. खापर आलं की पाण्यात टाकायचं, ब्रशनं घासायचं, वाळवून त्यावर क्रमांक घालायचा. पुरावा त्या पाण्याबरोबर वाहून जात होता.

हा प्रश्न दिल्लीच्या पश्चिमेला, रोहतक जिल्ह्यातल्या फरमाणा इथे मार्गी लागला. २००६ ते २००९ या काळात डेक्कन कॉलेजच्याच डॉ. वसंत शिंदे यांच्या पथकानं रोहतकचं विद्यापीठ आणि क्योतोची संशोधन संस्था यांच्यासह तिथली हडप्पाकालीन वस्ती आणि दफनभूमी खणली. भांड्यांवरचे आणि मृतांच्या दातांवरच्या कठीण थरातले नमुने अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवित प्रकाशात, पिष्टकणावर, म्हणजे वनस्पतीतल्या स्टार्चच्या कणावर, एक काळी फुली दिसते. कण शिजला की तो फुगतो, फुली पुसट होते. आकार, घडण आणि फुली पाहून वनस्पती ओळखायची. ओळखल्या गेल्या त्यांत हळद, आलं, वांगं. साडेचार हजार वर्षांपूर्वीची!

'जगातली पहिली करी' अशी बातमी झाली. मला ती घाईची वाटते. पिष्टकण वनस्पती सांगतात, पाककृती नाही; तीन जिन्नस एकाच वेळी एकाच मडक्यात पडले, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

पिष्टकणांना मांस दिसत नाही. ते काम स्निग्धांशांचं. मातीच्या भांड्याच्या छिद्रांत चरबी मुरते आणि हजारो वर्षं टिकते. केंब्रिजमध्ये अक्षयेता सूर्यनारायण यांनी फरमाणा, राखीगढी, मेरठ जिल्ह्यातलं आलमगीरपूर अशा सात ठिकाणची १७२ खापरं तपासली. २०२० अखेरच्या निष्कर्षांत प्राण्यांची चरबी ठळक होती: गाय-म्हैस, शेळी-मेंढी, डुकरासारखे प्राणी, काही ठिकाणी दूध. या चरबीतही मिश्रण असतं. एका मडक्यात किती वेळा, काय काय शिजलं याचा हिशेब लावणं अवघडच. तरी फरमाणाच्या चुलीवर हळदही होती आणि मांसही, हे आपल्या शाकाहार-मांसाहाराच्या आजच्या भांडणात कोणाच्याच सोयीचं नाही. ते तसंच सांगायला हवं.

आता डेक्कन कॉलेजकडे माझी मागणी एवढीच: प्रत्येक थरातली काही खापरं न धुता, हात न लावता, कोरड्या पाकिटात ठेवावीत. इनामगावच्या वखारीत ब्रशातून सुटलेला एखादा बुडाचा तुकडा असेल, तर तोही तपासायला पाठवावा.