वजननोंद, पाळीव सरीसृपांच्या पिलांची

कासव, सरडा किंवा सापाच्या पिलाचे वजन ठरावीक दिवसांनी मोजून तारखेसह वहीत लिहीत जाणे. ही नोंद करण्यामागे शारीरिक कारण आहे. वासरू आजारी पडले की हंबरते, मान टाकते. सरीसृपाचे दुखणे आठवडेच्या आठवडे बाहेर दिसत नाही. कासवाच्या तर बरगड्याही कवचात गेलेल्या, त्यामुळे खंगलेपण डोळ्यांना कळत नाही. काट्यावर ते आधी कळते.

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा मोठ्या पिलाला पुरतो. पण पिलू ३० ग्रॅमचे असेल तर १ ग्रॅमची चूक तीन टक्क्यांहून जास्त होते, तिथे ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणावा, मग पिलू आत सोडावे. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, खाऊ घालण्याआधी. कासव उचलले की घाबरून मुतते आणि मूत्राशयात साठवलेले पाणी गेल्याने वजन एकदम उतरते. साप कात टाकण्याआधी खाणे सोडतो, तेव्हाही थोडी घट दिसते. म्हणून एका आकड्यावर घाबरू नये. सलग तीन-चार नोंदी उतरत्या असतील तर मात्र पशुवैद्यकाकडे जायला थांबू नये.

वाढ ग्रॅमात वाचण्यापेक्षा टक्क्यांत वाचावी. ८ ग्रॅमचे पिलू १० ग्रॅमचे झाले, तर ते पावपट वाढले. ४०० ग्रॅमच्या प्राण्याला तेच २ ग्रॅम म्हणजे काहीच नाही. वजनाशेजारी लांबी लिहिली नाही तर नोंद अर्धीच राहते. ऑलिफंट जॅक्सन यांनी १९८० मध्ये भूमध्यसागरी कासवांच्या दोन जातींसाठी वजन आणि कवचाची लांबी यांचा आलेख प्रसिद्ध केला. तो त्या जातींपुरताच आहे. इतर कासवांना लावला की चुकीचे निदान होते. भराभर वाढणारे वजन हेही सुलक्षण नव्हे. कॅल्शियम आणि अतिनील प्रकाश कमी पडला, तर वजनदार पिलाचीही हाडे मऊ राहतात.

वजनावर हवामानाचाही परिणाम होतो. तुळजापूरचे उदाहरण घ्या: हे गाव बालाघाटच्या डोंगरावर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीकडे जातो, डिसेंबरच्या रात्री गारठवतात. सरीसृपाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते, त्यामुळे हिवाळ्यात ऊब देणारा दिवा बंद राहिला की वाढ थबकते. भारनियमनाचे तास वजनाशेजारीच लिहावेत, म्हणजे घट आजाराची की थंडीची हे उमगते. उन्हाळ्यातली घट बहुधा पाण्याची असते. तालुक्याच्या गावी पशुवैद्यकाकडे मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या येतात; त्यांच्यापुढे तोंडी वर्णनापेक्षा ही वही ठेवणे कितीतरी उपयोगाचे.

कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार तारा कासव, घोरपड, अजगर यांसारखे देशी सरीसृप घरात पाळता येत नाहीत. सापडलेले पिलू वजन करत बसण्याऐवजी वन विभागाकडे द्यावे. इग्वाना, बॉल पायथन यांसारख्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या परिशिष्टांत असलेल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाली. तिचे नियम २०२४ मध्ये आले. लाल कानाचे कासव दुकानात नाण्याएवढे असते, पण मादीचे कवच २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. मग ते विहिरीत, तळ्यात सोडले जाते आणि तिथल्या देशी कासवांच्या वाट्याचे खाते. घेण्याआधीच हा आकडा माहीत असावा.

मांडूळ. महाराष्ट्रात सापाचे वजन सर्वांत जास्त विचारले जाते ते दुर्दैवाने मांडुळाचे. मांडूळ गुप्तधन दाखवते, या अंधश्रद्धेपायी तस्कर या निरुपद्रवी, बिनविषारी सापाची किंमत किलोवर ठरवतात. मांडूळ अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देते. शेतातले उंदीर खाते. त्याचे वजन वाढावे ते त्या उंदरांवर, शेताच्या भुसभुशीत मातीत.