जठर कर्करोगाचे रक्तचिन्हक

जठर कर्करोगाचे रक्तचिन्हक म्हणजे या रोगाच्या संदर्भात रक्तात मोजले जाणारे घटक होत. त्यांना ट्यूमर मार्कर असेही म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका आजमावण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेत दिसणारे अर्बुद पूर्णपणे काढले, तरी सूक्ष्म कर्कपेशी शरीरात उरू शकतात. रोगाचा पुनरुद्भव बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत होतो. पर्युदर, यकृत व लसीका ग्रंथी ही त्याची नेहमीची स्थाने आहेत.

प्रमुख चिन्हक

सीईए या प्रथिनाचा शोध फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे लावला. त्याची सर्वसाधारण मर्यादा दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम, तर सीए १९-९ ची ३७ एकके मानतात. सीए ७२-४ हेही मोजले जाते. पर्युदरातील प्रसारात सीए १२५ वाढू शकते. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर अर्बुदातून निर्माण होत नाही. ते शरीरातील दाह दर्शवते. हे गुणोत्तर जास्त असल्यास रोगाचे पूर्वानुमान प्रतिकूल मानले जाते.

मोजमापाचा अर्थ

एका आकड्यापेक्षा त्यातील बदल महत्त्वाचा असतो. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेले चिन्हक नंतर सामान्य पातळीवर न आल्यास रोग शिल्लक असल्याचा संशय येतो. सामान्य झालेली पातळी पुन्हा सतत चढू लागल्यास ती पुनरुद्भवाची सूचना ठरू शकते. काही रुग्णांत ही वाढ सीटी स्कॅनमध्ये रोग दिसण्याच्या काही महिने आधी आढळते.

मर्यादा

अनेक रुग्णांत पुनरुद्भव होऊनही चिन्हक वाढत नाहीत. लुइस प्रतिजन नसलेल्या व्यक्तींच्या शरीरात सीए १९-९ जवळजवळ तयारच होत नाही. उलट धूम्रपानाने सीईए, तर पित्तमार्गातील अडथळ्याने सीए १९-९ कर्करोगाशिवायही वाढते. म्हणून केवळ रक्तचाचणीवरून निदान केले जात नाही. सीटी स्कॅन, एंडोस्कोपी व आवश्यकतेनुसार ऊतक तपासणी केली जाते. पुनरुद्भव लवकर कळल्याने रुग्णाचे आयुष्य वाढतेच, असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे जपानमध्ये पाठपुराव्यात हे चिन्हक नियमित मोजले जात असले, तरी सर्व देशांत तशी शिफारस नाही.

नवी पद्धत

कर्कपेशींतून रक्तात आलेले डीएनएचे तुकडे शोधण्याच्या पद्धतीवर संशोधन चालू आहे. हे तुकडे काही तासांत नष्ट होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनीही ते आढळल्यास पुनरुद्भवाचा धोका बराच अधिक मानला जातो. मात्र ते न आढळणे म्हणजे रोगमुक्तीची खात्री नव्हे.